ग्रंथमेळ्याला निघण्याआधी करारांची फाइल उघडा

गेल्या दोन महिन्यांत नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पुस्तक मेळ्याला जाण्याच्या तयारीविषयीची आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. बाकीच्या तिघांनीही ते वाचावे, कारण त्यांच्या प्रश्नांची मुळे तिथेच आहेत.

प्रश्न : आमची प्रकाशनसंस्था लहान आहे. ११ वर्षांत आम्ही ४२ पुस्तके काढली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि जमेल तेव्हा साहित्य संमेलनात आम्ही पुस्तकांचे दुकान लावतो आणि विक्री समाधानकारक होते. आता नवी दिल्लीच्या विश्व पुस्तक मेळ्याला जाण्याचे मनात आहे. तिथे गाळा घ्यावा का, किती पुस्तके न्यावीत आणि इतर भाषांतल्या प्रकाशकांशी बोलणी करायची असतील तर तयारी कुठून सुरू करावी?
— एक प्रकाशिका, धंतोली, नागपूर

उत्तर : दीक्षाभूमीवर पुस्तके विकलेल्या माणसाला वाचक कसा असतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. प्रवासाचे पैसे बाजूला काढून, उरलेल्या पैशांत कोणती दोन पुस्तके घ्यावीत याचा हिशेब करत गाळ्यासमोर उभा राहिलेला वाचक आपण पाहिला आहे, आणि तो अनुभव कुठल्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा मोठा आहे. मात्र दिल्लीला एकाच आवारात दोन मेळे भरतात हे आधी लक्षात घ्यावे लागेल. एक वाचकांचा आणि दुसरा प्रकाशकांचा आपापसातला. पहिल्यात छापलेली प्रत विकली जाते, तर दुसऱ्यात ते पुस्तक दुसऱ्या भाषेत छापण्याचा हक्क विकला किंवा विकत घेतला जातो. आपल्या प्रश्नाचा पहिला भाग पहिल्या मेळ्याचा आहे आणि शेवटचा भाग दुसऱ्याचा, आणि दोन्हींची तयारी अगदी निराळी आहे.

हा मेळा राष्ट्रीय पुस्तक न्यासाने १९७२ मध्ये सुरू केला. न्यासाची स्थापना १९५७ ची. २०१२ पर्यंत मेळा वर्षाआड भरत असे, २०१३ पासून तो दरवर्षी भरतो. प्रगती मैदानावर, म्हणजे आताच्या भारत मंडपममध्ये, हिवाळ्यात तो होतो. मेळ्याच्या दिवसांतच न्यासातर्फे ‘राइट्स टेबल’ चालते. तिथे आधी नावनोंदणी केलेले प्रकाशक ठरलेल्या वेळी समोरासमोर बसून हक्कांविषयी बोलतात. आपल्याला जायचे आहे ते या टेबलावर, असे मला आपल्या पत्रावरून वाटते.

म्हणून पहिल्या वर्षी गाळा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि छापील पुस्तके करमुक्त असल्याने त्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही, म्हणजे तो सगळा अंगावर पडतो. त्यापेक्षाही मोठी अडचण अशी की गाळा घेतला की माणूस गाळ्याला बांधला जातो. दोघे जण असलात तर एक जेवायला जाईल आणि दुसरा पैसे घेईल, इतर भाषांच्या दालनांत हिंडायला कुणीच उरणार नाही. दोनशे पानांचे डेमी आकाराचे एक पुस्तक साधारण पाव किलो भरते, त्यामुळे ४० प्रती म्हणजे १० किलोचे ओझे होते. या वर्षी आपण निवडलेल्या सहा पुस्तकांच्या प्रत्येकी चार प्रती न्या, तेवढ्या पिशवीत मावतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. प्रवासाचे आरक्षण, ओळखपत्रे, माहितीपत्रके यांतले काहीही करण्याआधी कपाटातली करारांची फाइल काढा आणि बेचाळीसही पुस्तकांचे करार एकेक करून वाचा. हे सांगताना माझा स्वतःचा अनुभव लपवत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका लहान प्रकाशनसंस्थेचे काम पाहत होतो. दिल्लीत एका हिंदी प्रकाशकांशी माझी भेट ठरली होती. आदल्या दिवशी मी त्यांना आमच्या एका कथासंग्रहातल्या दोन कथांचा हिंदी अनुवाद देऊन आलो होतो. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्या कागदांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, म्हणजे रात्री बसून त्यांनी तो मजकूर खरोखर वाचला होता. त्यांनी विचारले, “हिंदी के अधिकार आपके पास हैं न?” मी म्हणालो, “हैं, ऐसा लगता है.” त्यांनी कागद हळूच टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “लगता है, मतलब?” माझ्याकडे उत्तर नव्हते. नागपूरला परतल्यावर करार पाहिला तर तो एका पानाचा होता आणि त्यात फक्त मराठीच्या पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रतींचा उल्लेख होता. लेखक दोन वर्षांपूर्वी वारले होते. तीन वारस तीन गावी होते, आणि तिघांच्या सह्या मिळेपर्यंत ११ महिने गेले. तोवर त्या प्रकाशकांची पुढच्या दोन वर्षांची यादी भरली होती. तो संग्रह आजही हिंदीत नाही, आणि याची बोच मला अजून आहे, कारण दोष पुस्तकाचा नव्हता आणि समोरच्या माणसाचाही नव्हता.

करार वाचताना काय पाहायचे ते आता सांगतो. प्रताधिकार कायदा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा, १९५७ चा आहे आणि त्याचे १९ वे कलम प्रत्येक प्रकाशकाने एकदा तरी शांतपणे वाचले पाहिजे. हक्क सोपवणे लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही, तोंडी शब्द कितीही जुन्या स्नेहाचा असला तरी. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते असे की सोपवलेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर तो हक्क संपुष्टात आला असे मानले जाते. म्हणजे आठ वर्षांपूर्वी लेखकाने आपल्याला ‘भाषांतरासह सर्व हक्क’ लिहून दिले असतील, पण भाषांतर कधीच झाले नसेल आणि मुदतीचा उल्लेखही नसेल, तर दिल्लीत ‘हक्क आमच्याकडे आहेत’ असे आपण म्हणू शकत नाही. अशा लेखकांकडे निघण्याआधीच जावे, नवा दोन पानी करार करावा, आणि भाषांतराच्या उत्पन्नातला लेखकाचा वाटा किती आणि आपला किती हे त्यात आकड्यांत लिहावे. लेखक नाराज होतील या भीतीने हे टाळू नये. आपले पुस्तक दुसऱ्या भाषेत जावे म्हणून प्रकाशक धडपडतो आहे हे ऐकून नाराज झालेला लेखक मी पाहिलेला नाही.

हे वाचन करताना एक साधी वही घालावी. प्रत्येक पुस्तकाला एक पान द्यावे आणि त्यावर कराराची तारीख, कोणते हक्क, कधीपर्यंत, लेखक किंवा वारस यांचा ठावठिकाणा लिहावा. मुखपृष्ठाचे आणि आतल्या चित्रांचे काय ठरले आहे हेही तिथेच हवे. चित्रकाराने चित्र मराठी आवृत्तीपुरते दिलेले असते, आणि समोरचा प्रकाशक हमखास विचारतो की हेच मुखपृष्ठ आम्ही वापरू का. टेबलावर बसताना ही वही हाताशी असली की ‘वाटते’ हा शब्द तोंडातून येत नाही.

वही पूर्ण झाली की पुस्तकांची निवड आपोआप सोपी होते, कारण बेचाळीसपैकी कदाचित पंधराच पुस्तकांचे हक्क निर्विवाद निघतील. त्यांतून पाच-सहा निवडा. निवडताना नागपुरात काय खपले याला फार महत्त्व देऊ नका. स्थानिक संदर्भांवर उभा असलेला लेखसंग्रह इथे कितीही वाचला गेला तरी तेलुगू वाचकासाठी त्याला पानोपानी टिपा द्याव्या लागतील. उलट वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या घराची गोष्ट, गडचिरोलीच्या जंगलातले जगणे, आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्याचे आत्मकथन, मुलांसाठी लिहिलेले पक्ष्यांचे पुस्तक, या गोष्टी आपल्या मातीत घट्ट रुजलेल्या असूनही कुठल्याही भाषेत समजतात.

प्रत्येक निवडलेल्या पुस्तकाचा एक कागद करावा. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मुखपृष्ठाचे लहान चित्र, आयएसबीएन, प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या, किंमत, किती आवृत्त्या झाल्या, लेखकाविषयी दोन ओळी, पुस्तकाविषयी आठ-दहा ओळी आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत कोणत्या भाषांचे हक्क उपलब्ध आहेत. ‘हृदयाला भिडणारी अजोड कलाकृती’ अशी वाक्ये लिहू नका, अनुभवी प्रकाशक ती वाचतच नाही. पुस्तकात काय घडते, कुणाला घडते आणि आजवर हे कुणी सांगितले नव्हते ते काय, एवढे सांगितले की पुरे. जोडीला दहा-बारा पानांचा हिंदी अनुवाद चांगल्या अनुवादकाकडून, त्याला योग्य मानधन देऊन, करून घ्या. या बाबतीत नागपूर भाग्यवान आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या या जुन्या राजधानीत दोन्ही भाषा घरासारख्या वापरणारी माणसे पिढ्यान्पिढ्या राहतात, आणि असा अनुवादक पुण्यापेक्षा आपल्याला लवकर सापडेल.

एक तांत्रिक सूचना इथेच देतो. आपली जुनी पुस्तके युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी न दिसणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतील तर त्यांतला मजकूर कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवू नका. समोरच्याच्या पडद्यावर तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल होऊन उमटतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, जोडाक्षरे आणि रफार कुणाकडून तरी डोळ्यांखालून घालावेत, कारण रूपांतरात नेमके तेच बिघडतात, आणि मग पीडीएफ करून पाठवावी.

भेटी दोन महिने आधी मागाव्यात. मेळ्यात पोहोचल्यावर भेटू असे म्हणणाऱ्याची भेट सहसा होत नाही. ज्या प्रकाशकाला लिहिणार त्याची अलीकडची यादी आधी पाहा आणि त्याच्या कोणत्या पुस्तकाशेजारी आपले पुस्तक शोभेल ते पत्राच्या पहिल्या दोन ओळींत सांगा. एका दिवसात सहापेक्षा जास्त भेटी घेऊ नयेत. प्रत्यक्ष भेटीत तीन पुस्तकांपलीकडे जाऊ नये. आपण बोलण्याइतकेच समोरच्याकडे काय आहे तेही विचारावे, कारण कन्नड किंवा बंगालीतले एखादे पुस्तक मराठीत आणण्याची संधी तुम्हालाही तिथेच मिळणार आहे. व्यवहाराची गोष्ट निघाली तर भाषा एक, मुदत ठरावीक वर्षांची, पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती, रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, आगाऊ रक्कम किती आणि पुस्तक किती महिन्यांत आले नाही तर हक्क परत, एवढे प्रश्न वहीत लिहून ठेवा. टेबलावर सही करू नका. परत आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला पत्र गेले पाहिजे, आणि त्यात तिथे झालेले बोलणे जसेच्या तसे नोंदवलेले असावे.

प्रश्न : मी मराठीतून हिंदीत अनुवाद करते. एका कादंबरीचा पूर्ण अनुवाद माझ्याकडे तयार आहे. तो घेऊन मेळ्यात प्रकाशकांना भेटले तर चालेल का? अनुवादकाला तिथे कुणी विचारते का?
— एक अनुवादिका, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : विचारतात, आणि दिवसेंदिवस अधिक विचारतात, कारण दोन्ही भाषा वाचून पुस्तकाविषयी खरे मत देणारी माणसे प्रकाशकाला हवी असतात. पण आपल्या पत्रात मूळ लेखकाच्या परवानगीचा उल्लेख कुठेच नाही, त्यामुळे मला काळजी वाटते. भाषांतर करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असतो, आणि प्रकाशनाची परवानगी नसलेला अनुवाद कितीही सुंदर असला तरी कोणताही जबाबदार प्रकाशक त्याला हात लावणार नाही. आजच लेखकाला पत्र लिहा, मूळ प्रकाशकालाही प्रत द्या, आणि ठरावीक मुदतीत हिंदी प्रकाशक शोधण्याची लेखी अनुमती मागा.

लेखक हयात नसतील तर एक हिशेब करता येतो. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. अशा लेखकांचा अनुवाद परवानगीविना करता येतो, आणि त्या अनुवादाचा प्रताधिकार आपला असतो.

मेळ्याला जाताना पूर्ण बाड नेऊ नका. पहिले प्रकरण आणि मधले एखादे कठीण प्रकरण, ज्यात बोलीभाषा आहे असे, एवढे न्या. वऱ्हाडी संवाद आपण हिंदीत कसे उतरवले आहेत हे पाहूनच जाणकार संपादक आपले मोल ठरवील. आणि करार होईल तेव्हा आपले नाव मुखपृष्ठावर छापले जाईल ही अट तोंडी न ठेवता करारात लिहून घ्या. हा आग्रह धरणे आपला अधिकार आहे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

प्रश्न : मी वडिलांचा प्रकाशन व्यवसाय पुढे नेत आहे. थेट फ्रँकफर्टच्या मेळ्याला जावे असे वाटते. काय काय करावे लागेल?
— एक तरुण प्रकाशक, महाल, नागपूर

उत्तर : आपली उमेद मला मनापासून आवडली, तरीही दिल्लीचे राइट्स टेबल दोन वर्षे केल्याशिवाय फ्रँकफर्टला जाऊ नका असेच मी सांगेन. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा सध्याचा मेळा १९४९ मध्ये तिथल्या सेंट पॉल चर्चमध्ये सुरू झाला, पण त्या शहरातला ग्रंथव्यापार युरोपात खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या काळापासूनचा आहे. जगातला हक्कांचा सर्वांत मोठा बाजार तिथे भरतो. भारत १९८६ आणि २००६ मध्ये तिथे सन्मान्य अतिथी देश होता. दर ऑक्टोबरात बुधवार ते रविवार मेळा चालतो. त्यातले सुरुवातीचे दिवस व्यवसायाचे आणि शनिवार-रविवार मुख्यतः वाचकांच्या गर्दीचे. लेखकांच्या वतीने हक्क विकणाऱ्या साहित्यिक एजंटांचे स्वतंत्र दालन असते आणि तिथे आधी ठरलेल्या भेटीशिवाय आत सोडत नाहीत. भेटी साधारणपणे अर्ध्या तासाच्या असतात आणि तिथल्या उन्हाळ्यातच, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, ठरायला लागतात, म्हणून सप्टेंबरात लिहिलेले पत्र उशिराचे ठरते.

व्हिसासाठी महाराष्ट्र जर्मनीच्या मुंबई वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो, पण आपण जूनमध्येच करा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मेळ्याच्या आठवड्यात फ्रँकफर्टमधली हॉटेले अतिशय महाग होतात. लोकल रेल्वेने येण्याजोग्या माइन्झ किंवा ऑफेनबाख इथे मुक्काम परवडेल. माइन्झ हे गुटेनबर्गचे गाव. आपण प्रकाशकाच्या घरातले आहात, तेव्हा तिथले मुद्रणाचे संग्रहालय पाहण्यासाठी एक सकाळ नक्की राखून ठेवा.

परदेशी प्रकाशकाची पहिली शंका अनुवादाच्या खर्चाची असते. भारतीय पुस्तके परदेशी भाषांत नेण्यासाठी राष्ट्रीय पुस्तक न्यासाची अर्थसाहाय्य योजना आहे. तिची सद्य नियमावली छापून सोबत ठेवा, बोलणे तिथून पुढे सरकते.

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल आहे. एका गावच्या वाचनालयासाठी पुस्तके निवडायला दिल्लीच्या मेळ्याला जाणार आहे. प्रवासाविषयी काही सूचना द्याव्यात.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, तेव्हा मेळ्याच्या तारखा जाहीर होताच दिवस मोजून ठेवावा. त्या दिवसांत उत्तरेत धुके असते आणि गाड्या उशिरा पोहोचतात, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी कोणतेही काम ठेवू नये. नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने एकच स्थानक, राजीव चौकपर्यंत, जावे आणि तिथून निळ्या मार्गाने ‘सुप्रीम कोर्ट’ या स्थानकावर उतरावे. पूर्वी त्याच स्थानकाला ‘प्रगती मैदान’ म्हणत. दालनांतून दिवसभर चालणे होते, तेव्हा वापरून मऊ झालेले बूटच घालावेत, आणि नागपूरची थंडी गृहीत न धरता स्वेटरबरोबर कानटोपी घ्यावी.

खरेदीआधी वाचनालयाच्या दाखलपुस्तकाची यादी फोनमध्ये घेऊन जा, नाहीतर असलेलीच पुस्तके पुन्हा येतात. वाचनालयासाठीची सवलत प्रत्येक गाळ्यावर विचारून घ्या आणि बिल वाचनालयाच्या नावाने करा. पहिल्या दिवशी काहीही विकत न घेता केवळ पुस्तकांची नावे टिपत हिंडा. शेवटच्या दिवशी गर्दी इतकी असते की पुस्तक उघडून बांधणी पाहायलाही जागा मिळत नाही, तेव्हा खरेदी त्याच्या आदल्या सकाळी आटोपावी आणि पुस्तके प्रकाशकाकडूनच पार्सलने थेट वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवायला सांगावीत.